सीमेच्या ओळी

पद्मिनबाईंची दुसरी म्हैस कालव्याच्या भरावावर कोसळली, तेव्हा केतकी पहिल्या म्हशीच्या मृत्यूचा पंचनामा लिहीत होती.

"डॉक्टरीणबाई, कागद ठेवा खाली! ही बी चालली!"

केतकी बॅग घेऊन धावली. म्हैस चारी पाय ताठ करून आडवी पडली होती. तोंडाला फेस, डोळे पांढरे. केतकीने मानेची शीर दाबून सुई टोचली आणि आत आलेलं रक्त पाहून ती क्षणभर थबकली. गुदमरणाऱ्या जनावराचं रक्त काळपट असायला हवं. हे लालभडक होतं. प्राणवायू त्यात ठासून भरलेला होता, पण शरीराला तो वापरता येत नव्हता. असं करणारं विष फार थोडं. तिने एकामागून एक दोन औषधं शिरेतून सोडली आणि म्हशीच्या बरगडीवर हात ठेवून बसून राहिली. वीस मिनिटांनी म्हशीने मान उचलली.

"किराळ लागलंय," पद्मिनबाई म्हणाल्या.

"किराळ कोवळ्या जोंधळ्याचं लागतं, पद्मिनबाई. चैत्रात शिवारात जोंधळ्याचं एक पान तरी आहे का?"

"मला कामून इचारता? म्हशीला इचारा की."

पद्मिनबाई सोनटक्के पासष्टीच्या होत्या. बोरफळीत त्यांनी बायकांचा गट करून जुन्या वाणांचं बियाणं राखलं होतं आणि त्यांचं कुणाशीच नीट जमत नसे. त्या उठल्या, म्हशीच्या दाढेत अडकलेला घास बोटाने ओढून काढला आणि केतकीच्या पुढे धरला. लांब, अरुंद, मधोमध पांढरी शीर असलेली पानं. कालव्याच्या कडेने वाटेल तिथे माजणारा रानजोंधळा. जनावरं तो पिढ्यान्‌पिढ्या खात आली होती.

केतकीने ती पानं काचेच्या नळीत चुरडली आणि वर पिवळ्या कागदाची पट्टी टांगली. विष असलं की ही पट्टी विटकरी होते. दुष्काळातल्या वाईटात वाईट जोंधळ्यालाही त्यासाठी अर्धा तास लागतो. ही चार मिनिटांत झाली.

तिचा अंगठा सवयीने फोनवरच्या पहिल्या नावावर गेला. 'अप्पा'. मग तो तिथून उचलावा लागला. अप्पांना जाऊन चार महिने झाले होते.

*

केतकीचे अप्पा, डॉ. मन्मथ बिराजदार, पंचवीस वर्षं बोरफळीच्या ज्वारी संशोधन केंद्राचे प्रमुख होते आणि त्यातली अठरा वर्षं त्यांनी एका माशीमागे घालवली होती. खोडमाशी जोंधळ्याच्या कोवळ्या पानाखाली अंडं घालते, अळी पोंग्यात, रोपाच्या कोवळ्या गाभ्यात, शिरते आणि रोप मधूनच वाळतं. उशिरा पेरलेली निम्मी रोपं अशी जातात. पाऊस लांबत चालल्यापासून पेरणी दरवर्षी उशिराच होत होती.

अप्पांची कल्पना सोपी होती, म्हणून सुंदर होती. जोंधळ्याच्या कोवळ्या पानात मुळातच एक द्रव्य असतं. पान चावलं गेलं की त्यातून सायनाइडच्या जातीचं विष सुटतं. झाडाने किडींसाठी ठेवलेलं ते हत्यार आहे आणि जनावरांना किराळ लागतं ते त्याच्यानेच. अप्पांनी ते बनवणाऱ्या जनुकांना नवी कळ जोडली. रोप उगवल्यापासून तीस दिवस विष तिप्पट, तेही पोंग्यात. पीक पोटरीत आलं, कणीस धरू लागलं, की कळ आपोआप बंद. कणीस निर्धोक, कडबा निर्धोक, फवारणी शून्य. शेतात उभ्या जोंधळ्यात ते तंतोतंत तसंच चाललं. चाचण्यांचे आकडे अजून कुणाला खोडता आलेले नव्हते.

फक्त रानजोंधळा शेतात उभा राहत नाही. तो जमिनीखाली कांड्यांनी पसरतो आणि प्रत्येक कांडीवर नवा कोंब फुटतो. प्रत्येक कोंब म्हणजे पुन्हा पहिला दिवस. अप्पांची कळ रानजोंधळ्यात गेली, तर ती बंद व्हायला सवडच मिळणार नव्हती. कालव्याला आता बारमाही पाणी होतं.

केतकीने तळहातावर मावणारं जनुकवाचक यंत्र त्या पानाच्या रसाला लावलं. प्रत्येक बदललेल्या वाणात ओळख पटावी म्हणून एक खूण घातलेली असते. अप्पांची खूण तिला पाठ होती. लहानपणी तिचं नाव त्यांनी वहीवर कसं घातलं होतं, हे आठवावं तशी. पडद्यावर ती खूण उमटली.

पद्मिनबाई तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "तुमच्या अप्पाचंच हाय न्हवं?"

"तपासावं लागेल."

"तपासा. आमी तर धा वर्सं बोंबलूलालाव."

ते खरं होतं. ग्रामसभेत पद्मिनबाईंनी विचारलं होतं, वाऱ्याला कुंपण कसं घालणार, साहेब? अप्पांनी आधी शांतपणे समजावलं होतं. प्रयोगाच्या प्लॉटला दुहेरी कुंपण आहे, प्रत्येक कणसाला कागदी पिशवी आहे, भोवती साध्या जोंधळ्याच्या आठ ओळी आहेत, चुकून सुटलेला पराग त्या सीमेच्या ओळींवर अडतो. पद्मिनबाई बसल्या नाहीत, तेव्हा अप्पा म्हणाले, "पद्मिनबाई, पराग अर्ध्या-पाऊण तासात मरतो. वाऱ्यावर लांब जातात त्या गप्पा." सभा हसली होती. केतकीही हसली होती.

*

पुढचे तीन आठवडे ती संध्याकाळचे दोन तास कालव्याच्या कडेने चालली. दर पन्नास पावलांवर एक पान, एक चाचणी, नकाशावर एक ठिपका. ठिपके पाण्याच्या दिशेने लांबवर गेले होते, उलट दिशेला थोडेच होते आणि एका जागी इतके दाटले होते की तो एकच डाग दिसत होता. तो डाग कालव्याला लागून असलेल्या दीड एकराच्या बांधावर होता. ते शेत सिद्राम हत्तरगेचं होतं.

सिद्राममामा केंद्रावर तीस वर्षं मजूर होता. कणसांना पिशव्या बांधायला त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. केतकीला पहिली सायकल त्यानेच शिकवली होती.

नियमाप्रमाणे तिने नकाशा केंद्राकडे पाठवला. अप्पांच्या जागी आता डॉ. नाडगौडा होते. ते अप्पांचे विद्यार्थी. वाणाला राज्यभर परवानगी द्यायची की नाही, यावर श्रावणात बोरफळीतच जनसुनावणी ठरलेली होती. त्याच्या आठवडाभर आधी केंद्राचा अहवाल आला. त्यात एक वाक्य होतं: 'प्रयोगक्षेत्रातील कणसे एका मजुराने अनधिकृतपणे बाहेर नेल्याचे दिसून येते.' वाणात दोष नाही, शिस्तीत होता, असा एकूण अर्थ. नाव नव्हतं. गावाला नावाची गरजही नव्हती. दोन दिवसांत सिद्राममामाच्या दाराशी कुणीतरी मेलेलं वासरू आणून टाकलं.

केतकी गेली, तेव्हा तो अंगण शेणाने सारवत होता. वासरू पडलं होतं ती जागा त्याने दोनदा सारवलेली दिसत होती.

"मामा, तुम्ही कणसं नेली नाहीत."

"बसा, ताई. च्या टाकायला सांगतो."

"मला माहीत आहे ती कशी आली. मी होते तिथे."

सिद्रामने हात धुतले, खांद्यावरच्या टॉवेलला पुसले. "तुमी लहान होता."

"बावीस वर्षांची होते. परभणीहून सुटीला आले होते."

"मंग इसरा. मला आता कोन नोकरीवर ठेवनाराय, का काढनाराय? दोन वर्सं झाली रिटायर होऊन. लोक बोलत्यात, बोलू द्या. सायबाच्या नावाला धक्का लागला तर मला वर जाऊन तोंड दावता येनार न्हाई."

"आणि वासरू?"

"त्येचं काय? गरिबाचंच असंल." तो किंचित हसला. "टाकनाऱ्यानं बी रडतच टाकलं असंल."

*

बारा वर्षांपूर्वीची वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूरकडचा माणूस घरात थांबत नाही. रानात जोंधळ्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून कोप घालायची, आत पाच पांडव मांडायचे, आंबील आणि भज्जीचा नैवेद्य दाखवायचा आणि येईल त्याला जेवू घालायचं. ज्याचं रान आहे त्याचं आणि ज्याचं नाही त्याचंही.

त्या वर्षी मात्र पाऊस फिरकला नव्हता. शिवारात हिरवं धाट उरलं नव्हतं. उभा जोंधळा होता तो फक्त केंद्राच्या कुंपणात, बोअरच्या पाण्यावर. सिद्राम सकाळी अप्पांकडे आला होता, चप्पल बाहेर काढून.

"साहेब, औंदा कोप न्हाई व्हायची. कडबा हाय, पर पांडवाला वाळकं कसं घालावं?"

अप्पा देवभोळे नव्हते. पण ते त्याच मातीतले होते आणि मजुरांच्या घरची अमावस्या केंद्राच्या कुंपणाशी अडलेली त्यांना बघवली नाही. विळा घेऊन ते स्वतः प्लॉटमध्ये गेले. पिशव्या बांधलेल्या ओळींना त्यांनी हात लावला नाही. त्यांनी सीमेच्या ओळीतली धाटं कापली, कारण ती साध्या जोंधळ्याची होती. कणसं हुरड्यात आलेली होती. पाचातली एक पेंढी त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि सिद्रामच्या शेतापर्यंत चालत नेली. केतकीने अप्पांना ओझं उचललेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते मजुरांच्या पंगतीत बसले, तीनदा आंबील मागून घेतली, आणि "साहेब, पोटाला तरी कुंपन ठेवा" असं कुणीतरी म्हणालं तेव्हा ठसका लागेपर्यंत हसले.

कोपीचं कणीस माणसाने तोडायचं नसतं. ते पाखरांचं. म्हणून कोप तशीच उभी राहिली, महिनाभर.

*

ती केंद्रावर गेली. नाडगौडा प्रयोगशाळेत एकटेच होते. त्यांनी तिला अप्पांच्या जुन्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसले.

"काका, एक विचारू? हुरड्यातला दाणा उगवतो?"

नाडगौडांनी चष्मा काढला.

"उगवतो," ते म्हणाले. "परागीकरणाला वीस दिवस झाले असले तरी पुष्कळ दाणे उगवतात. नीट वाळला तर."

"आणि सीमेच्या ओळीतला?"

"केतकी."

"सीमेच्या ओळींचं कामच पराग अडवणं. अडवला म्हणजे तो कुठे गेला? त्यांच्याच कणसात. झाड साधं, पण काही दाणे साधे नाहीत. बरोबर ना?"

"हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं."

"अप्पांना कळत नव्हतं?"

"सरांना?" नाडगौडांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "सरांनीच तर आम्हाला शिकवलं. सीमेच्या ओळी पिशवीबंद ओळींइतक्याच जपायच्या, कापून जाळायच्या."

केतकीला वाटत होतं, चुकीची जागा तिला आता नेमकी दिसते आहे. अप्पांच्या डोक्यात बी म्हणजे खळ्यावर मळलेलं, राखेत घोळून ठेवलेलं, दाताखाली टणक लागणारं. हुरडा म्हणजे खायची वस्तू. परीक्षेत विचारलं असतं, तर त्यांनी वीस दिवसांचा आकडा झोपेतही सांगितला असता. पण त्या सकाळी त्यांना कुणी परीक्षेत विचारलं नव्हतं. अमावस्येला कोपीसाठी धाट मागितलं होतं. पाखरांनी दाणे बांधावर सांडले, पुढच्या पावसाळ्यात कालव्याच्या ओलीत ते उगवले, शेजारच्या रानजोंधळ्याबरोबर फुलावर आले. असा संकर जमतो तो लाखात एखादा. त्याला बारा वर्षं मिळाली होती. वाऱ्याबद्दल मात्र अप्पा शेवटपर्यंत बरोबर होते.

"तुला हे कुणी विचारलेलं नाही," नाडगौडा म्हणाले. "अहवालात मजूर आहे. त्याला शिक्षा होणार नाही, मी बघेन. सरांची अठरा वर्षं आहेत गं यात. तू तोंड उघडलंस, तर लोक वाणाबद्दल बोलणार नाहीत, सरांबद्दल बोलतील. आणि उत्तर द्यायला सर नाहीत."

"म्हणून तर सिद्राममामाचं नाव सोपं पडलं. तो उत्तर देत नाही."

*

सुनावणी शाळेच्या पटांगणात मांडवाखाली झाली. समितीचे तिघे टेबलाशी बसले होते. पुढच्या रांगेत पद्मिनबाईंच्या गटातल्या बायका जोंधळ्याची जुनी कणसं हातात धरून बसल्या होत्या. सिद्राममामा मागे, खांबाला टेकून. आई दुसऱ्या रांगेत. केतकीने आदल्या दिवशी तिला सगळं सांगितलं होतं. आई फक्त म्हणाली होती, "मी येते." त्याचा अर्थ काय घ्यावा, हे केतकीला कळलं नव्हतं.

पद्मिनबाई बोलल्या. "चार म्हशी, सात गाई, कुनाकुनाची वासरं. आमाला साहेबाचं शास्त्र कळत न्हाई म्हनले. बरं बाबा, न्हाई कळत. पर मेलेलं जनावर वढून न्यायला शास्त्र लागत न्हाई, चार मानसं लागत्यात. ती रोज कुठून आनावी?"

नाडगौडांनी अहवाल वाचला. 'एका मजुराने' या शब्दांशी मांडवातल्या माना मागे वळल्या. सिद्राममामाने नजर खाली घातली, जणू ती कणसं खरोखरच त्याने नेली होती.

केतकी उठली. तिने आधी विज्ञान सांगितलं, कारण ते सांगताना आवाज हलत नव्हता. कळ कशी चालते, रानजोंधळ्यात ती का थांबत नाही, कांडीचा एक तुकडा उरला तरी पुन्हा कशी फुटते. रबीत हा वाण राज्यभर पेरला गेला, तर कालवा-कालव्याला हेच होईल. कारण कुंपण कितीही घातलं, तरी आतबाहेर करणारी माणसं सणवार असलेली असतात. परवानगी देऊ नये, असं ती म्हणाली. बायकांमध्ये कुजबुज झाली. बिराजदारांची मुलगी हे म्हणत होती.

"आणि कणसं मजुराने नेलेली नाहीत," ती म्हणाली. "ती केंद्रातल्या जबाबदार व्यक्तीने स्वतः कापून दिली. वेळ अमावस्येच्या कोपीसाठी. मी तिथे होते."

समितीच्या अध्यक्ष बाईंनी पेन उचललं. "नाव सांगाल? नोंदीसाठी."

तेवढ्यात मागून सिद्राममामाचा आवाज आला. "ताई, बसा खाली! साहेब, ती लहान होती, तिला म्हाईत न्हाई. मीच नेली!"

केतकीने आईकडे पाहिलं. आई सरळ समोर बघत होती, दोन्ही हात मांडीवर.

"डॉ. मन्मथ शिवलिंगप्पा बिराजदार," केतकी म्हणाली. "माझे वडील."

*

सभा पांगली. परवानगी बेमुदत थांबली आणि कालव्याच्या कडेचा रानजोंधळा मुळासकट खणून काढायचा ठराव झाला. किती वर्षं, ते कुणी लिहिलं नाही. पद्मिनबाई केतकीजवळ आल्या, तिच्या दंडाला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि काही न बोलता गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच असावं.

सिद्राममामा मात्र थांबला नाही. तिने त्याला फाटकाशी गाठलं.

"मला सोडवलंत, ताई," तो म्हणाला. त्याचा चेहरा रागाने थरथरत होता. "त्येनला आता कोन सोडवनार? त्ये काय चोरी कराय गेलते? माझ्यापायी गेलते. माझ्या कोपीपायी."

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. बांध खणायला रोज येई, पण ती ज्या टोकाला असेल त्याच्या दुसऱ्या टोकाला.

घरी आल्यावर आईने चहा ठेवला. पाठमोरीच तिने विचारलं, "त्या दिवशी जेवले होते ना गं नीट? मला घरी येऊन सांगितलं, भूक नाही."

"तीनदा आंबील घेतली, आई."

"मग बरं," आई म्हणाली आणि कप पुसत राहिली.

खणणं सुरूच होतं, पण कालवा चाळीस किलोमीटरचा आणि कांड्या त्याच्याही पुढे गेलेल्या. पुढच्या वर्षी खालच्या अंगाच्या गावांतून जनावरं पडल्याचे निरोप येऊ लागले. केतकीने दवाखान्याबाहेर सूचना लावली, पत्रकं छापली, त्या गवताला 'जनुकबाधित रानजोंधळा' असं नाव दिलं. ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. लोकांनी आपलं नाव केव्हाच पाडलं होतं.

ज्येष्ठातल्या एका दुपारी ती जेवायला बसत असताना फोन वाजला. पलीकडचा माणूस धापा टाकत होता, अनोळखी होता, दूरच्या गावचा.

"डॉक्टरीणबाई का? लवकर या वो! म्हशीनं बिराजदारी खाल्लीया. हातभर खाल्ली, बिराजदारी! थरथर कापूलालीया! आपलं नाव काय म्हनायचं? मी फाट्याला मानूस उभा करतो."

घास तिच्या हातात होता. तिने तो ताटात ठेवला.

"केतकी बिराजदार."

मागे म्हशीचं घरघरणं ऐकू येत होतं.

"ताई..." माणूस चाचरला. "त्ये आमी आपलं... गावात तसंच म्हनत्यात वो. कुनाला लावून न्हाई."

"म्हणा," केतकी म्हणाली. बॅग तिने उचललेली होती. "म्हैस उभी आहे की आडवी झाली?"

"उभी हाय."

"मग गूळपाणी पाजा आणि उभीच ठेवा. बाकीच्या जनावरांना बिराजदारीपासून लांब बांधा. मी निघालेय."